ग्रेट स्मोकी माउंटन्समधलं माउंटन फार्म म्युझियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शार्लट, रॅली, अटलांटा, नॅशव्हिल या भागांतली मराठी कुटुंबं लाँग वीकेंडला टेनेसीतल्या गॅटलिनबर्गला जातात. अनेकांबरोबर भारतातून आलेले आई-बाबाही असतात. डोंगरातल्या जुन्या शेतकऱ्यांच्या या उघड्या संग्रहालयाबद्दल त्यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत.

१. हे नेमकं काय आहे आणि कुठे आहे?

ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कच्या नॉर्थ कॅरोलायना बाजूला, ओकोनालफ्टी व्हिजिटर सेंटरच्या मागे, नदीकाठच्या सपाट जागेवर हे शेत उभं आहे. चेरोकी गावापासून ते साधारण २ मैलांवर, यूएस ४४१ रस्त्याला लागूनच आहे. ओंडक्यांचं घर, गोठा, मक्याची कणगी, सफरचंदघर, मांसघर, झऱ्यावरचं दूधघर, लोहारशाळा, कोंबड्यांचं खुराडं अशा इमारती एका फेरीत पाहून होतात. बहुतेक इमारती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आहेत.

२. तिकीट किती? गाडी कुठे लावायची?

तिकीट नाही. या पार्कला प्रवेशशुल्कच नाही. पण १ मार्च २०२३ पासून गाडी १५ मिनिटांहून जास्त थांबवायची तर पार्किंग टॅग लागतो. तो एका दिवसाला ५ डॉलर, आठवड्याला १५ आणि वर्षाला ४० डॉलर आहे. टॅग एकाच गाडीचा असतो आणि त्यावर त्याच गाडीचा नंबर हवा. दोन गाड्या असतील तर दोन टॅग घ्यावे लागतात.

सर्वांत जास्त चूक होते ती अशी: लोक ऑनलाइन टॅग घेतात आणि फोनवर पावती दाखवायच्या तयारीत राहतात. ते चालत नाही. कागदावर छापलेला टॅग काचेच्या आतून दिसला पाहिजे. हॉटेलमधून निघण्यापूर्वी प्रिंट काढा, नाहीतर व्हिजिटर सेंटरवर टॅग विकत घ्या. टॅग घेतला म्हणजे जागा राखून ठेवली असं नाही. ऑक्टोबरच्या पानगळीत सकाळी दहानंतर गाडी लावायला जागा मिळणं अवघड होतं.

३. आमच्याकडे सगळ्या नॅशनल पार्कांचा वार्षिक पास आहे. तरी टॅग लागेल का?

लागेल. ‘अमेरिका द ब्युटिफुल’ पास प्रवेशशुल्काऐवजी चालतो आणि इथे प्रवेशशुल्कच नाही, त्यामुळे टॅगऐवजी तो चालत नाही. शुल्क नसण्याचं कारणही जुनं आहे. टेनेसी राज्याने न्यूफाउंड गॅप या खिंडीतून जाणारा रस्ता (यूएस ४४१) १९५१ मध्ये केंद्र सरकारच्या ताब्यात दिला, तेव्हा त्यावर कधीही टोल लावायचा नाही अशी अट घातली होती.

४. उघडं कधी असतं? किती वेळ ठेवावा?

शेत वर्षभर, उजेड असेपर्यंत पाहता येतं. व्हिजिटर सेंटर २५ डिसेंबर सोडून रोज उघडं असतं, पण त्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. फेरी छोटी आहे, घाईत वीस मिनिटांत आटोपते, पण मग काहीच कळत नाही. दीड तास ठेवा. सेंटरमधल्या मांडणीला अर्धा तास आणि मिंगसच्या गिरणीला (प्रश्न ८) आणखी अर्धा तास लागतो. सकाळी नऊच्या सुमारास आलात तर घराच्या आत शांतपणे उभं राहता येतं.

५. जुन्या वेषातली माणसं काम करताना रोज दिसतात का?

नाही, आणि याबाबत लोकांची फार निराशा होते. उन्हाळ्यात आणि पानगळीत काही दिवस कर्मचारी आणि स्वयंसेवक प्रात्यक्षिकं दाखवतात. बागेत त्या-त्या हंगामाची भाजी लावलेली असते. हिवाळ्यात बहुतेक वेळा फक्त इमारतीच दिसतात. भरपूर प्रात्यक्षिकं एकाच दिवशी पाहायची असतील तर सप्टेंबरमधला ‘माउंटन लाइफ फेस्टिव्हल’ गाठा. राखेच्या क्षाराचा साबण, झाडू वळणं, चुलीवरचा स्वयंपाक आणि ज्वारीची काकवी (प्रश्न ९) हे सगळं त्या दिवशी असतं. तारीख दरवर्षी ठरते, ती पार्कच्या कॅलेंडरवर पाहून मगच हॉटेल बुक करा.

६. कुठून सुरुवात करावी? सगळे आधी घरात शिरतात.

घर शेवटी पाहा. आधी साठवणीच्या इमारती पाहा, कारण या डोंगरात जगणं म्हणजे पुढच्या वसंतापर्यंत अन्न टिकवणं होतं. शेतातली अर्धीअधिक बांधकामं त्यासाठीच आहेत.

सफरचंदघर दुमजली आहे. हिवाळी, जाड सालीची सफरचंदं जमिनीलगतच्या मजल्यावर ठेवत, जिथे ती गोठत नसत. उन्हाळी, लवकर संपवायची सफरचंदं वरच्या मजल्यावर जात. मक्याच्या कणगीला मुद्दाम फटी ठेवल्या आहेत. वारा खेळला नाही तर कणसांना बुरशी धरते, आणि मका गेला की भाकर गेली, जनावरांचं खाणंही गेलं. मांसघरात डुकराचं मांस मिठात मुरवत किंवा धुरावर धरत. डुक्कर मारायचं ते थंडी पडल्यावरच. हवा उबदार असेल तर मीठ हाडापर्यंत पोचण्याआधीच मांस आतून नासतं. झऱ्यावरच्या छोट्या घरात दुधा-लोण्याची भांडी वाहत्या गार पाण्यात उभी करत.

एवढं पाहिल्यावर गोठ्याकडे वळा. बाकीच्या इमारती स्मोकीच्या वेगवेगळ्या भागांतून आणल्या आहेत (प्रश्न ११), पण हा गोठा मूळचा इथलाच आहे. त्याच्या छपराकडे मान वर करून जरा वेळ पाहा. हाताने चिरलेल्या १६,००० हून अधिक फळ्या त्यावर आहेत. खालच्या खोऱ्यात वर्षाला सुमारे ५५ इंच आणि शिखरांवर ८५ इंच पाऊस पडतो. अशा प्रदेशात छपराची डागडुजी कधी संपतच नाही.

७. घराच्या ओंडक्यांत नेमकं काय पाहायचं?

कोपरे पाहा. हे डेव्हिस यांचं घर १९०० च्या सुमारास चेस्टनटच्या लाकडात बांधलं. जॉन डेव्हिस यांनी ओंडके उभे चिरले आणि एक अर्धा एका भिंतीत, तर दुसरा समोरच्या भिंतीत बसवला, म्हणून समोरासमोरच्या भिंती जुळतात. घराला दोन वर्षं लागली. धुराड्याचे दगड त्यांच्या आठ आणि चार वर्षांच्या मुलांनी बैल आणि घसरगाडीच्या मदतीने गोळा केले.

डोंगरातल्या चांगल्या घरांत ओंडक्यांच्या टोकाला तिरपी खाच कापलेली असते. उतार बाहेरच्या बाजूला असल्यामुळे पाऊस सांध्यात न मुरता बाहेर ओघळतो, आणि वरच्या ओंडक्याच्या वजनाने सांधा आणखी घट्ट बसतो, त्यामुळे खिळा लागत नाही. ही खाच जरा जरी उलट्या उताराची झाली, तर पाणी आत राहतं आणि कुजणं कोपऱ्यापासून सुरू होतं. खाली दगडांचं जोतं आहे तेही त्याचसाठी, सर्वांत खालच्या ओंडक्याला ओल लागू नये म्हणून. ओंडक्यांची दर्शनी बाजू रुंद पात्याच्या कुऱ्हाडीने सपाट तासत. उजेड तिरपा असताना, म्हणजे सकाळी किंवा उन्हं कलल्यावर, कुऱ्हाडीच्या घावांच्या ओळी स्पष्ट दिसतात.

छपराच्या फळ्या करवतीने कापत नसत. एक लांब पातं, त्याच्या एका टोकाला काटकोनात उभा दांडा, असं एक हत्यार असतं, त्याला ‘फ्रो’ म्हणतात. पातं ओंडक्याच्या तोंडावर ठेवून वर मोगरीने हाणायचं आणि मग दांडा ओढून फळी उकलायची. अशी फळी लाकडाच्या धाग्याबरोबर फुटते. धागा तुटत नाही, म्हणून पाणी आत शिरत नाही. करवतलेली फळी दिसायला गुळगुळीत असते, पण तिचे धागे कापलेले असल्याने ती लवकर भिजते.

चेस्टनट हे लाकूड आता या मापाचं मिळत नाही. १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा लक्षात आलेल्या बुरशीने काही दशकांत स्मोकीतलेही मोठे चेस्टनट संपवले. मोकळी सोडलेली डुकरं याच झाडांच्या फळांवर पोसली जात, त्यामुळे लाकडाबरोबर डोंगरी शेतीचा एक आधारही गेला. मूळ चेस्टनटचं घर जवळून पाहण्याची ही संधी आहे, ती वाया घालवू नका.

८. मिंगस मिलला पाणचक्कीचं चाक दिसलं नाही. काढून टाकलं का?

चाक कधी नव्हतंच. शेतापासून उत्तरेला अर्ध्या मैलावरची ही गिरणी १८८६ ची आहे आणि ती लोखंडी टर्बाइनवर चालते. पाटातून आलेलं पाणी लाकडी पन्हळीतून एका उभ्या लाकडी हौदात पडतं आणि हौदाच्या तळाशी बसवलेलं टर्बाइन फिरवतं. तिथून उभा दांडा वर जात्यापर्यंत जातो. मोठ्या चाकापेक्षा टर्बाइनला जागा कमी लागते. पन्हळीच्या बाजूने चालत जाऊन पाणी कुठून येतं ते आधी पाहा, मग आत जा, म्हणजे यंत्र लगेच कळतं. दुरुस्तीसाठी गिरणी अधूनमधून बंद असते. मोठं चाकच पाहायचं असेल तर टेनेसी बाजूच्या केड्स कोव्ह खोऱ्यातली केबल मिल पाहा (प्रश्न १५).

गिरणीच्या पार्किंगजवळून एक छोटी वाट टेकडीवर चढते. वर गुलामगिरीत राबलेल्या लोकांची छोटी दफनभूमी आहे. थडग्यांवर शेतातले साधे दगड आहेत, त्यांवर नावं नाहीत. खाली पार्किंगमध्ये आलेली बहुतेक माणसं वर जात नाहीत. तुम्ही जा. या खोऱ्यातली शेती फक्त मालक कुटुंबांच्या कष्टांवर उभी राहिली नव्हती.

९. काकवी ज्वारीची? आपल्याच ज्वारीची?

हो, जात तीच. ताटांत साखर जास्त असलेली गोड ज्वारी. आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीवर दीर्घकाळ काम केलं आणि तिची काकवीही तयार केली. अमेरिकेत हे पीक १८५० च्या दशकात आलं. त्यामुळे त्याच्या कितीतरी आधी इथे आलेल्या पहिल्या कुटुंबांकडे ते नव्हतं. त्यांचा गोडवा मध आणि मेपलचा.

गुऱ्हाळ पाहिलेल्याला इथली रीत लगेच ओळखीची वाटेल. ताटांची पानं आणि कणसं काढून ती लोखंडी चरकात घालतात. चरकाला जोडलेल्या लांब दांड्याला घोडा किंवा खेचर जुंपलेलं असतं आणि ते गोल फिरत राहतं. हिरवट रस गाळून लांब, उथळ कढईत उकळतात. मळी सतत काढावी लागते. मळी राहिली तर काकवी काळी आणि कडवट होते, आच जास्त झाली तर तळाला करपते, आणि पुरेशी आटवली नाही तर पुढे आंबते. साधारण १० गॅलन रसाची १ गॅलन काकवी होते. चरकाच्या दांड्याच्या फेऱ्यात मुलांना जाऊ देऊ नका. तो त्यांच्या डोक्याच्या उंचीवरून फिरतो.

१०. ‘सुरुवातीचे रहिवासी’ म्हणजे गोरे शेतकरीच का? चेरोकी लोकांचं काय?

सुरुवातीचे रहिवासी चेरोकीच. शेतावर जी कथा दिसते ती त्यांच्यानंतरच्या शेतकऱ्यांची आहे, हे मुलांना आधी सांगा. १८३८ मध्ये सैन्याच्या बळावर बहुसंख्य चेरोकींना पश्चिमेकडे हाकललं गेलं आणि त्या वाटेवर हजारो माणसं मेली. जे मागे राहिले, त्यांचे वंशज ‘ईस्टर्न बँड ऑफ चेरोकी इंडियन्स’ म्हणून शेताला लागूनच्या भूमीत राहतात. चेरोकी गावातलं ‘म्युझियम ऑफ द चेरोकी पीपल’ त्याच दिवशी पाहावं, आणि शक्यतो शेताच्या आधी. तिथलं ‘ओकोनालफ्टी इंडियन व्हिलेज’ १९५२ पासून चालू आहे. ते १७६० च्या दशकातलं चेरोकी गाव दाखवतं, पण फक्त उबदार महिन्यांत. दोन्हींना वेगळं तिकीट आहे. पार्कच्या सर्वोच्च शिखराचं क्लिंगमन्स डोम हे नाव बदलून सप्टेंबर २०२४ मध्ये ‘कुवोही’ हे मूळ चेरोकी नाव परत दिलं गेलं. जुन्या नकाशांवर जुनंच नाव दिसेल.

११. हे शेत खरं आहे की मांडलेलं?

इमारती खऱ्या, शेत मांडलेलं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला स्मोकीच्या निरनिराळ्या खोऱ्यांतून इमारती सुट्या करून इथे आणल्या. एका कुटुंबाकडे एवढं सगळं, इतक्या नीट रांगेत नसे.

त्या रिकाम्या कशा झाल्या, हेही विचारलं जातं. नॉर्थ कॅरोलायना आणि टेनेसी या राज्यांनी पार्कसाठी खाजगी जमिनी विकत घेतल्या आणि कुटुंबांना जावं लागलं. पार्क १९३४ मध्ये स्थापन झालं. काहींना हयातभर राहण्याचा करार मिळाला. टेनेसी बाजूच्या लिटल ग्रीनब्रायरमध्ये वॉकर बहिणींनी ४,७५० डॉलरला जमीन दिली, पण आपल्या घरातच राहिल्या. शेवटची बहीण लुईसा १९६४ मध्ये वारली. ते घर अजून मूळ जागी उभं आहे आणि तिथे चालत जावं लागतं. स्थलांतरित इमारतींपेक्षा मूळ जागेवरचं घर पाहायचं असेल तर वॉकर बहिणींचं घर आणि केड्स कोव्ह हे दोन चांगले पर्याय.

१२. आई-बाबा सत्तरीचे आहेत. जमेल का?

जमेल. २०११ चं व्हिजिटर सेंटर व्हीलचेअरसाठी सोयीचं आहे, स्वच्छतागृहं तिथेच आहेत आणि शेतातली वाट जवळजवळ सपाट आहे. अडचण इमारतींच्या दारात येते. उंबरे उंच आहेत, पायऱ्या दगडी आणि ओबडधोबड आहेत, कठडा नाही आणि आत एकदम अंधार असतो. उन्हातून आत शिरताना दाराशी दहा-बारा सेकंद थांबायला सांगा. चपलांऐवजी बूट हवेत. गॅटलिनबर्गहून येताना घाट लागतो आणि मागच्या सीटवर हमखास उलटी होते. न्यूफाउंड गॅपला (५,०४६ फूट) थांबा, तिथे स्वच्छतागृह आहे. शेताच्या मानाने तिथे १०-२० अंश फॅरनहाइटने गार असू शकतं, शाल हाताशी ठेवा.

१३. शाकाहारी जेवण मिळेल का? डबा खाता येईल का?

पार्कमध्ये रेस्टॉरंट नाही आणि पेट्रोल पंपही नाही. जवळचं गाव चेरोकी. डबा आणणं सर्वांत बरं, दशम्या-धपाटे दिवसभर टिकतात. पण खरकटं, साली, सांडलेला फरसाण मागे ठेवू नका आणि डबा बाकावर सोडून फिरायला जाऊ नका. माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल पुढे माणसांच्या जवळ येऊ लागतं आणि शेवटी त्याचाच जीव जातो. उरलेलं बंद गाडीत किंवा अस्वलांना न उघडणाऱ्या कचरापेटीत टाका.

१४. शेजारच्या मैदानात एल्क दिसतात म्हणे. जवळ जाता येतं का?

दिसतात, सकाळी लवकर आणि संध्याकाळी. इथून नाहीसे झालेले एल्क २००१-०२ मध्ये परत आणले गेले. एल्क आणि अस्वल यांच्यापासून किमान ५० यार्ड, म्हणजे १५० फूट, अंतर ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि मैदानात उतरायला मनाई आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नर माजावर असतात. मे-जूनमध्ये पाडस गवतात लपवून आई दूर चरत असते आणि ‘एकटं पाडस’ पाहायला गेलेल्यावर ती धावून येते. तुमच्यामुळे प्राण्याने चरणं थांबवलं, तर तुम्ही जास्त जवळ आहात.

कुत्रा सोबत असेल तर नियम कडक आहेत. पार्कमध्ये फक्त दोनच पायवाटांवर साखळीने बांधलेला कुत्रा चालतो. गॅटलिनबर्ग ट्रेल आणि शेताच्या कडेने जाणारी ओकोनालफ्टी रिव्हर ट्रेल.

१५. केड्स कोव्ह आणि हे शेत एकाच दिवशी होईल का?

करू नका. दोन्हींमध्ये साधारण दोन तासांचा डोंगरी रस्ता आहे आणि केड्स कोव्हची ११ मैलांची एकेरी फेरी गर्दीत चार तासही घेते. तिथे १८२० च्या दशकातलं जॉन ऑलिव्हर यांचं ओंडक्यांचं घर, तीन चर्च आणि चाकाची केबल मिल आहे. मे ते सप्टेंबर बुधवारी ती फेरी गाड्यांना बंद असते. सायकल किंवा चालण्यासाठी तो सर्वोत्तम दिवस, पण आजी-आजोबा गाडीत असतील तर सगळा बेत फसतो.

१६. आम्हाला एकच ठिकाण पाहायचं आहे. हेच पाहावं का?

स्मोकीत असाल तर हेच, त्याला मिंगस मिल जोडून. वस्तू आणि अवजारं भरपूर पाहायची असतील तर टेनेसीत नॉक्सव्हिलच्या उत्तरेला ‘म्युझियम ऑफ अ‍ॅपलेशिया’ आहे. तिकीट आहे, पण संग्रह फार मोठा. मुलांना वेषभूषेतल्या माणसांशी बोलायचं असेल तर व्हर्जिनियात स्टाँटनचं ‘फ्रंटियर कल्चर म्युझियम’ गाठा. तिथे इंग्लिश, आयरिश, जर्मन आणि पश्चिम आफ्रिकेतलं इग्बो अशी मूळ मुलखांतली घरं आहेत, त्यामुळे डोंगरात आलेली माणसं काय काय शिकून आली होती ते समजतं.

१७. फोटो, ड्रोन, भिंतीला हात लावणं, काय चालतं?

घरच्या फोटोंना परवानगी लागत नाही. लग्नविधी करायचा असेल तर आधी परवाना घ्यावा लागतो. ड्रोनला मनाई आहे. दगड, फूल, फळीचा तुकडा काहीही उचलायचं नाही. ओंडक्यावर नाव कोरणं हा गुन्हा आहे, आणि नुकसान कोरीव अक्षरांपुरतं राहत नाही. करडा झालेला वरचा थर फुटला की त्याच ओरखड्यातून ओल आणि कीड आत जाते, आणि तसा चेस्टनट ओंडका बदलायला मिळत नाही (प्रश्न ७).

१८. हिवाळ्यात किंवा वादळानंतर यायचं असेल तर?

गॅटलिनबर्गकडून येणारा यूएस ४४१ बर्फ पडला की बंद होतो, कधीकधी खाली स्वच्छ ऊन असतानाही. पर्यायी रस्ता आय-४० वरून मोठा वळसा घेतो, आणि तोही सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळात पिजन नदीच्या दरीत खचला. मार्च २०२५ मध्ये तो प्रत्येक बाजूला एकेक मार्गिकेने सुरू झाला. ब्लू रिज पार्कवे या डोंगरी रस्त्याचं दक्षिण टोक शेतापासून जेमतेम अर्ध्या मैलावर आहे, पण हिवाळ्यात त्याचे उंचावरचे भाग बंद राहतात. निघायच्या सकाळी पार्कच्या वेबसाइटवर रस्त्यांची स्थिती पाहा आणि नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. घाटात नेटवर्क नसतं.